तोंड मिटून होकार

भांडणं मिटवायच्या जगात हजार तऱ्हा असतील, पण राउटरवाल्यांची, म्हणजे इंटरनेटच्या वाटा आखणाऱ्यांची, तऱ्हा ऐकली की आधी हसू येतं आणि मग पटतं. ही मंडळी मतदान करत नाहीत. हात वर करायचा नाही, चिठ्ठी टाकायची नाही. प्रश्न विचारला की ज्याला तो मान्य असेल त्याने तोंड मिटून लांबलचक हुंकार द्यायचा, म्हशीने दुपारी द्यावा तसा. मग उलटा प्रश्न, उलटा हुंकार. कुठला जास्त घुमला ते कानांनी ठरवायचं. कारण सरळ आहे. हात वर केला तर शेजारच्या साहेबाला दिसतो. हुंकार कुणाच्या नाकातून आला हे साहेबाच्या बापालाही कळत नाही.

कात्रीबाईंनी लग्नानंतर नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसत सुटला होता. तो दातांचा डॉक्टर. म्हणाला, माझ्याकडे लोक आ वासून बसतात आणि तुझ्याकडे तोंड मिटून, आपला संसार व्हायचा कसा? झाला मात्र झकास.

कात्रीबाई हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. कुणी पानभर मजकूर पाठवला की त्या तो अर्धं पान करून परत करायच्या, म्हणून धंद्यातल्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही.

आज त्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांना एक गट उभा करायचा होता, आणि गट का, ते समजायला राउटर उघडून बघायची गरज नाही. मैत्रिणीकडे राहायला जायचंय म्हणून तुम्ही आईला विचारता. आई म्हणते, बाबांना विचार. बाबा म्हणतात, आईला विचार. तुम्ही या खोलीतून त्या खोलीत फिरत राहता आणि शेवटी रडकुंडीला येऊन झोपता. नेटवर्कमध्ये कुठे वायर तुटली की बिचाऱ्या पॅकेटचं, म्हणजे निरोपाच्या पुडक्याचं, हेच होतं. हा राउटर म्हणतो, पलीकडच्याला वाट माहीत आहे. पलीकडचा म्हणतो, अलीकडच्याला. पॅकेट दोघांच्या मध्ये येरझारा घालून जागच्या जागी मरतं. वायर तुटली ही बातमी शेजाऱ्याला पटकन आणि एकाच भाषेत कशी सांगायची, एवढं ठरलं तर निम्मी येरझार थांबेल. पण प्रत्येक कंपनीची राउटरची खोकी आपापल्या बोलीत बोलतात. म्हणून सगळ्यांनी बसून एक बोली ठरवायची, म्हणून गट.

गट बनवायचा तर आधी त्याला कुंपण घालावं लागतं. काय करणार, काय करणार नाही, सगळं एका पानात. हे पान सभेने मान्य केलं तरच वरची मंडळी गटाला परवानगी देतात, आणि सभा मागायची मुभा दोनदाच. पहिली सभा वाऱ्यावर गेली होती. आजची दुसरी. आज पान मंजूर झालं नाही तर प्रत्येक कंपनी आपली बोली घेऊन आपल्या घरी, आणि कात्रीबाईंनी ज्या कामावर डोक्याचे केस पांढरे केले ते काम अडगळीत.

पहिली सभा वाऱ्यावर घालवली कुणी? नणंदेने. सख्ख्या.

नवऱ्याची थोरली बहीणही याच धंद्यातली, पण दुसऱ्या कंपनीत, आणि स्वभाव एकदम दुसऱ्या टोकाचा. कुठल्याही सभेत ती माइकपाशी गेली की पहिला शब्द 'आणखी'. धंद्यात तिला आणखीताईच म्हणत. दोन दिवसांसाठी भावाकडे आली तर सोबत तीन बॅगा आणि एक उशी. आजच्या सभेसाठीही ती त्यांच्याकडेच उतरली होती, कारण भावाचं घर असताना हॉटेलात राहिलं तर लोक काय म्हणतील.

सकाळी चहाच्या टेबलावर कात्रीबाईंचं पान पडलं होतं. त्या दूध बघायला ओट्याकडे वळल्या तेवढ्यात नणंदेने बशी बाजूला सारली, चष्मा चढवला आणि पेन काढलं.

"वहिनी, पान छान आहे गं. पण उघडंबोडकं वाटतं. उपग्रह कुठेत यात?"

"ताई, उपग्रहांना वायर नसते."

"म्हणूनच. त्यांच्यावर अन्याय नको."

कात्रीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अडकित्त्यातल्या सुपारीला जेवढं बोलता येतं तेवढंच तो बोलला. म्हणाला, आज एक दाढ काढायची आहे, लवकर जायला हवं. आणि बूट न बांधताच गेला.

सभागृह मोठं होतं, खुर्च्या कडक होत्या आणि छतातलं एसीचं यंत्र कण्हत होतं. मध्ये वाटेवर माइक उभा. अध्यक्षस्थानी कात्रीबाई. वरच्या मंडळींकडून आले होते दाढीवाले, म्हणजे या धंद्यातले भीष्म. हुंकार ऐकायचं काम त्यांचं. ते सभागृहाच्या मधोमध डोळे मिटून उभे राहायचे, आणि त्यांच्या कानाने जे ठरवलं ते ठरलं.

कात्रीबाईंनी पान पडद्यावर दाखवलं. तीन परिच्छेद. पहिल्यात, वायर तुटल्याची बातमी शेजाऱ्याला कशी द्यायची. दुसऱ्यात, बातमी पोचेपर्यंत पॅकेटनी कुठे थांबायचं. तिसऱ्यात, वायर तुटायच्या आधीच तिची लक्षणं ओळखून शेजाऱ्याला सावध कसं करायचं. हा तिसरा त्यांचा लाडका. ही कल्पना त्यांची स्वतःची, शेंडेफळासारखी जपलेली.

माइकपाशी रांग लागायच्या आधीच नणंद तिथे पोचली होती. घरात 'वहिनी' आणि 'तू', पण माइकवर दोघींची बोलीच बदलायची.

"माननीय अध्यक्षबाईंचं पान उत्तम आहे. आणखी एक सुचवते."

ते एक निघालं बरंच लांबलचक. उपग्रह आले. मग सुरक्षा, कारण सुरक्षेला नको कोण म्हणणार? मग जहाजांवरची खोकी, खिशातले फोन, ज्यांच्या कंपन्या कधीच बुडाल्या अशी म्हातारी यंत्रं. तिच्यामागे रांगेत उभे असलेले एकेक जण आपापलं गाठोडं घेऊन आले आणि पडद्यावरच्या पानात टाकून गेले. वरातीतल्या घोड्यावर नवरदेवाच्या मागे मामेभाऊ चढावेत तसं झालं. पान लांबत लांबत पाच पानांवर गेलं. दाढीवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांचं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य होतं, एका पानात मावत नाही ते गटात मावत नाही.

सभागृहाचा अंदाज घ्यायला कात्रीबाईंनी विचारलं, हे सगळं घ्यावं असं कुणाला वाटतं? असा हुंकार उठला की मधमाश्यांचं पोळं लाजावं. दाढीवाल्यांनी डोळे उघडले आणि कात्रीबाईंकडे सहानुभूतीने पाहिलं, डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांकडे पाहतो तसं.

इथे दुसरी कुणी असती तर रडली असती किंवा भांडली असती. कात्रीबाईंच्या गालाला मात्र खळी पडली. नवरा असता तर तो ती खळी बघून खुर्चीखाली शिरला असता. त्या गोड आवाजात म्हणाल्या, अजून काही राहिलंय का बघा बरं, कुणाचं मन मोडायला नको. पाणबुड्या? पाणबुड्यांचं कुणीच कसं बोललं नाही? मागच्या रांगेतून कुणीतरी खरंच म्हणालं, हो, पाणबुड्याही घ्या. त्यांनी पाणबुड्याही घेतल्या. लोक खूश झाले. अशी दिलदार अध्यक्ष त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"आता एकच प्रश्न," कात्रीबाई म्हणाल्या. "यातलं जे काही आहे, ते स्वतः बसून लिहून देईन असं ज्यांना वाटतं, त्यांनी हुंकार द्यावा."

सभागृहात असा सन्नाटा पसरला की एसीचं कण्हणंसुद्धा दचकून थांबलंय असं वाटलं. कुणी बुटाची लेस बघत होतं, कुणी फोनमध्ये तोंड खुपसून. लग्नात जेवायला हजार, पंगत वाढायला कुणी नाही, तसं. कात्रीबाई मनातल्या मनात फुगडी घालायला लागल्या. आता वाढलेली पानं आपोआप गळतील आणि त्यांचं एक पान उरेल.

आणि तेवढ्यात हुंकार आला. एकटा. खर्जातला, ठाम, न थांबणारा.

हुंकार गुप्त असतो हे खरं, पण एकट्याचा हुंकार गुप्त कसा राहणार? सगळ्या माना माइककडे वळल्या. आणखीताई तोंड मिटून, छाती पुढे काढून, लालेलाल होईपर्यंत हुंकारत होती. भावजयीचा डाव तिच्या लक्षात आला होता, पण हार मानणं तिच्या माहेरी कुणाला शिकवलेलंच नव्हतं. श्वास संपला तेव्हा तिने माइकचा दांडा धरला.

"छान," दाढीवाले म्हणाले. "एक लेखिका मिळाली. पाचही पानं तुमची. पाणबुड्यांसकट."

हशा उसळला. आणखीताईने पडद्याकडे पाहिलं. तिने आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःचं 'आणखी' वाचणाऱ्याच्या बाजूने वाचलं असावं. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला. चूक झाली असं मात्र ती म्हणाली नाही. ती तडक मंचावर गेली, भावजयीच्या हाताखालचा कीबोर्ड ओढून घेतला आणि जाहीर केलं की लिहीन म्हटलंय तर लिहीनच, पण लिहायच्या आधी जरा निवडून घेते.

पहिल्यांदा उपग्रह गेले. ते खोडायच्या आधी तिने चष्मा काढून पुसला. जहाजं गेली तेव्हा चष्म्याला हातही लावला नाही. पाणबुड्यांपर्यंत येईतो तिला चव लागली होती. म्हातारी यंत्रं, खिशातले फोन, कुणाकुणाची गाठोडी, सगळं सटासट उडत गेलं. ज्यांची होती ते हूं की चूं करेनात, कारण हूं केलं तर लिहावं लागणार. कात्रीबाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्या जे विनवण्या करून छाटत आल्या होत्या, ते ही बाई शेंगा सोलाव्यात तसं छाटत होती.

पान एकावर आलं. पुन्हा तेच तीन परिच्छेद. दाराशी पुढच्या सभेचे लोक जमून घड्याळं बघायला लागले होते. कात्रीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण नणंदेचा हात काही थांबेना. तो तिसऱ्या परिच्छेदावर येऊन थबकला.

"हे कोण लिहिणार?"

"मी."

"आणि तपासून बघणारं कोण? नियम तुम्हालाच पाठ आहे, अध्यक्षबाई. एकाने लिहायचं, दुसऱ्याने आपल्या खोक्यात ते चालवून दाखवायचं. वायर तुटायच्या आधी ओळखणं म्हणजे ज्योतिष. चालवून दाखवणार आहे कुणी? विचारा की."

कात्रीबाईंना विचारावंच लागलं. त्यांनी प्रश्न विचारला आणि कान टवकारले. कुठून तरी बारीकसा हुंकार येईल, डासाएवढा आला तरी चालेल. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकलं. दाढीवाले डोळे मिटून उभे होते. कुणाचंही नाक वाजलं नाही.

हट्ट धरता आला असता. त्या अध्यक्ष होत्या. परिच्छेद ठेवा म्हटलं असतं तर लोकांनी वाद घातला असता, वाद घालता घालता दाराशी उभ्या लोकांनी आत येऊन खुर्च्या धरल्या असत्या, आणि सभा संपली असती. दुसरी आणि शेवटची. त्यांनी एकदा त्या ओळींकडे पाहिलं. इतरांच्या ओळी कापताना त्या नेहमी म्हणायच्या, दुखत नाही हो, सवय होते. आज कळलं की चांगलंच दुखतं.

नणंद कीबोर्डवरून बाजूला झाली. हे काम तिने स्वतःच्या हाताने केलं नाही, एवढी माया दाखवली. कात्रीबाईंनी तिसरा परिच्छेद निवडला, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

"आता जे उरलंय त्याला," त्या म्हणाल्या, "ज्यांची संमती आहे, त्यांनी हुंकार द्यावा."

या वेळचा हुंकार पोळ्यासारखा नव्हता. तो जड होता, जबाबदारी घेतलेल्या माणसांचा. कात्रीबाईंनी स्वतःही दिला, आणि शेजारून नणंदेचा त्याहून मोठा आला. उलट बाजूच्या प्रश्नाला फक्त एसी कण्हला. दाढीवाल्यांनी मान हलवली. गट झाला.

मग त्यांनी विचारलं, गट चालवणार कोण, दोघं लागतात. कुणी काही बोलायच्या आत, कुणी प्रश्नही न मांडता, सगळ्या सभागृहातून एक लांब खट्याळ हुंकार उठला आणि मंचावरच्या दोघींच्या अंगावर येऊन आदळला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

खुर्च्या सरकत असताना नणंद कानाशी आली. "गटाचं नाव मी ठेवणार."

"ठेवा. पण एका शब्दाचं."

"दोन," नणंद म्हणाली. "आणि मध्ये एक 'व'."