शेजारच्या पायाखालचा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंच्या. मला कितीतरी दिवस वाटायचं, खरा ब्रेक त्यांचाच, माझा आपला शोभेचा.

शिकायची हौस मला मुळीच नव्हती. बाळंतपणाआधी मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये टेबलावर काम करायचे. बाळ बसायला लागलं आणि परत जायचं म्हटलं, तर टेबलाची जागा भरलेली. उरली होती ती फिरतीची. लॅबची छोटी गाडी घ्यायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि बर्फाच्या पेटीतून ऊन चढायच्या आत आणून द्यायचे. "महिनाअखेर लायसन्स दाखवा, नाहीतर ती जागाही गेली समजा," साहेबांनी सांगून टाकलं.

आईला फोन केला तर ती हबकलीच. "आपल्या रक्तातच नाही गं गाडी चालवणं. तुझी मावशी एकदा बसली होती, ती फाटकाचा खांब घेऊनच आली."

"आई, इतकी वर्षं रक्त तपासतेय. त्यात खांबाचा आकडा कधी आला नाही."

बोलले खरी. पण चौक दिसला की माझे हात गार पडायचे. पाय ब्रेकवर जायच्याऐवजी हवेतच लोंबकळायचा आणि शेजारून धप्पकन ब्रेक लागायचा. मास्तरीणबाई ओरडायच्या नाहीत. शांतपणे म्हणायच्या, "बाळाची आई, पाय कुठं ठेवून आलीस? घरी?"

घरी बाळापाशी ताई असायच्या. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. तास संपले की तडक आमच्याकडे यायच्या, बाळाला कडेवर घ्यायच्या आणि मला दाराकडे ढकलायच्या. त्यांचं एक ठाम मत आहे: माणूस स्वतःहून काही ठरवत नाही. आईबापांकडून आलेलं, लहानपणी अंगी लागलेलं आणि आदल्या रात्री झालेली झोप, एवढं मिळून माणसाकडून सगळं करवून घेतं. "'मी ठरवलं' असं आपण मागाहून म्हणतो," त्या सांगतात. नवऱ्यानं एकदा याचा फायदा घ्यायचा प्रयत्न केला. भाजी आणायला विसरला आणि म्हणाला, "ताई, माझा दोष नाही, माझ्या बालपणाचा आहे."

"तुझं बालपण मीच सांभाळलंय," ताई म्हणाल्या. "ऊठ, पिशवी घे."

मी हसले, पण मनात भीती घर करून बसली होती. आई भित्री, मावशी भित्री, म्हणजे माझंही ठरलेलंच. तिसऱ्या आठवड्यात तर एका वळणावर गाडी बंद पडली, मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. दुसऱ्या दिवशी जायचंच नाही, असं मनाशी पक्कं केलं. ताई आल्या, बाळाला घेतलं, माझ्याकडे बघितलं. ढकललं नाही. मी बराच वेळ दारात उभी राहिले आणि मग बूट घातले.

परीक्षेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. रस्त्याच्या कडेला दोन टेम्पो उभे होते. त्यांच्यामधून अचानक एक भली मोठी गादी चालत आली. खरंच चालत आली: वर गादी आणि खाली चार पाय. गाडी करकचून थांबली. गादी आणि आमच्यात वीतभर अंतर. गादीमागून आवाज आला, "काय झालं रे?" पुढचा म्हणाला, "काही नाही, चल तू." आणि गादी निघून गेली.

मी हात जोडले. "बाई, तुमचे फार उपकार. तुम्ही ब्रेक दाबला नसता तर..."

मास्तरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांचा पाय सीटवर होता आणि दोन्ही हात पोटरीवर.

"कुणी दाबला?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोटरीत गोळा आलाय मघापासून. मी नुसता 'आई गं' केलं. थांबवलीस तू."

मला खरंच वाटेना. मी खाली बघितलं. ब्रेकवर माझाच पाय होता, अजून दाबलेला.

घरी आले ती नाचतच. आईही परीक्षेसाठी म्हणून राहायला आली होती. सगळं सांगितलं. ताई बाळाला भरवत होत्या. चमचा न थांबवता म्हणाल्या, "म्हणजे तू नाही थांबवलीस. पायानं थांबवली. मनाला बातमी मागाहून कळली."

मला रडूच आलं. "ताई, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मी स्वतः केलं, तेही काढून घेताय? आणि मी नाही केलं, तर उद्या पाय ऐकेल कशावरून?"

ताईंनी चमचा खाली ठेवला. "अगं वेडे, म्हणून तर ऐकेल! विचार करत बसली असतीस तर गादी फाटली असती. इतके दिवस दाबून दाबून पायाला सवय झालीय. ती काय आभाळातून पडली? त्या बाईंनी रोज घोकून घेतलं, मी हे गाठोडं सांभाळलं, तुझ्या आईंनी..."

"मी कुठं काय केलं?" आई घाईघाईनं म्हणाली. "मी तर नकोच म्हणत होते."

"तुम्ही नको म्हणालात म्हणून तर ती हट्टाला पेटली!"

आई हसली, मग मीही. पण मला एक विचारायचंच होतं. "आणि मी रडून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी? तेव्हा तर तुम्ही ढकललं नव्हतं. ते बूट कुणी घातले?"

ताईंनी बाळाचं तोंड पुसलं. "ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "वर्गात मी काहीतरी सांगितलं असतं. इथं नाही सांगता येत. त्या दिवशी दारात तुझ्याकडे बघताना मला वाटत होतं, ही जाईलही आणि नाहीही."

दुसऱ्या दिवशी मी पास झाले. चौकात हात गार पडले, पण पाय जागेवर होता. सोमवारपासून फिरतीवर जायचंय. मास्तरीणबाईंना भेटले, पाया पडले, तर म्हणाल्या, "आता माझ्या पोटरीला सुटी." आईला मिठी मारली. मग ताईंकडे वळले. अशी बाई आपल्या वाट्याला यावी, यासाठी मी काय केलं होतं? काहीच नाही.

"ताई, तुमचे आभार कसे मानू..."

"आभार कसले? माझ्या मताप्रमाणे मी बाळाला सांभाळणारच होते. माझ्या हातात काय होतं?"

"मग आभार मानणं तरी माझ्या हातात कुठं आहे?" मी म्हणाले. "मुकाट्यानं घ्या."

त्यांनी घेतले. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे बालपणापासूनच आहे माझं."