बरणीतल्या तीन गोगलगाई

सुभेदार लालासाहेबांना फौजेतून घरी येऊन वीस वर्षं झाली, पण एखादी गोष्ट आपल्यावाचून चालते यावर त्यांचा अजून विश्वास बसला नव्हता. उसाला पाणी त्यांनीच पाजायचं, खत त्यांनीच टाकायचं आणि बायकोच्या, रंगूबाईंच्या आमटीतलं मीठही त्यांनीच चाखून वर आणखी चिमूटभर घालायचं.

लेक शिवांजली सांगलीत माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. नोकरी सोडून विहिरीजवळचं एकरभर रान स्वतः करायचं तिच्या मनात होतं. लेक गावी उंब्रजला परत येणार म्हणून लालासाहेब, म्हणजे तिचे आबा, आतून हरखले होते, पण तिनं अट घातली. आईची लोणच्याची काचेची बरणी धुतली, तळाला दोन बोटं नदीचा गाळ घातला, वर नदीचंच पाणी, त्यात पाणगवताच्या दोन काड्या आणि तीन गोगलगाई. झाकण घट्ट लावून बरणी खिडकीत ठेवली.

"आबा, गवत ह्यांना हवा देतंय, ह्या शेवाळ खात्यात, ह्यांची घाण गवताला खत. बाहेरनं कुणी काय द्यायचं न्हाई. दिवाळीपतोर झाकण उघडलं न्हाई, तर मी येते. उघडलं, तर तुमी माझं रानबी असंच उचकटणार, मंग मी सांगलीतच बरी."

"एवढंच? अगं, सियाचीनला बर्फात उभा ऱ्हायलोय मी!"

"तितं खताचं पोतं नव्हतं," रंगूबाई आतून म्हणाल्या.

पहिला महिना बरा गेला. सकाळी चहाचा कप घेऊन आबा बरणीसमोर उभे राहत आणि "तिन्ही हजर!" म्हणून घरभर ऐकू जाईल असं सांगत. दुसऱ्या महिन्यात गवताचं एक पान पिवळं पडलं. ऊसकऱ्याला पिवळं पान दिसलं की त्याचा हात आपसूक युरियाच्या पोत्याकडं वळतो. आबा तीन दिवस हात पाठीमागं धरून फिरले. चौथ्या दिवशी रंगूबाई बाजाराला गेल्या आणि आबांनी झाकण उघडलं. टाकला चिमूटभरच, पण चिमूट सुभेदारांची होती.

आठवड्यात पाणी असं हिरवंगार झालं की पलीकडचं दिसेना. गोगलगाई वर चढून झाकणाला चिकटल्या.

"आवं, तुमच्या जवानांनी चौकी सोडली जणू," रंगूबाई म्हणाल्या.

"हवा बदलली असंल."

"व्हय, व्हय. आन् पोत्याची सुतळी कुणी सोडली? उसाला खत देऊन तर महिना झाला."

नवं पाणी, नवं गवत, नव्या गोगलगाई. लेकीला काय कळतंय, असा आबांचा हिशेब चालला होता. रंगूबाईंनी तो चेहऱ्यावरूनच वाचला आणि दुसरी बरणी रिकामी करून पुढ्यात ठेवली.

"घ्या. लेकीनं इचारलं तर मी काय सांगायचं, तेवढं आदी सांगून ठिवा."

आबांनी ती बरणी मांडीवर घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. मग खाली ठेवली आणि फोन लावला.

"शिवा, झाकण उघडलं गं."

"युरिया?"

"चिमूटभर."

"कुणाची चिमूट, आबा?"

आबांनी बोटं बंडीला पुसली.

"बरं. जित्या हायत का?"

"वर बसून माझ्याकडंच बगत्यात."

"निम्मं पाणी काढा, नदीचं घाला. दोन दिवसांनी परत तसंच. मंग झाकण लावा आन् हात..."

"खिशात. कळलं."

दिवाळीला शिवांजली आली. पाणी पुष्कळ निवळलं होतं. गवताला नवा फुटवा होता आणि काचेला आतून अंड्यांचा चिकट ठिपका लागला होता. तिनं मोजलं.

"एक कमी हाय."

"व्हय. माझ्यापायी."

"दुसरी आणून टाकायची की! मला कळलंबी नसतं."

आबांनी रंगूबाईंकडं पाहिलं. त्या एकदम करंज्या मोजायला लागल्या.

"टाकणार हुतो," आबा म्हणाले.

शिवांजलीनं बरणी परत खिडकीत ठेवली. "उघडलं ते सोताहून सांगितलंत, मला तेवढं बास. पाडवा झाला की सामान आणते. पण खताच्या खोलीची किल्ली आईकडं."

"ती त्या चिमटीपासनंच हाय," रंगूबाईंनी पदराची गाठ दाखवली.

"आन् तुझ्या रानात पान पिवळं पडलं तर?"

"पडू द्या!" दोघी म्हणाल्या.

आबांनी हात बंडीच्या खिशात घातले, आणि ते तिथंच राहावेत म्हणून वरून बटण लावलं.