धामण दूध पिते म्हणे

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहिलं. त्या कामाला रंग मिळाला, माणूस मिळाला, शिडीसुद्धा मिळाली. पाणी मात्र जुन्या जिल्ह्यात नव्हतं आणि नव्यातही आलं नाही. चाकूरकडून टँकर यायचा, घरटी मोजक्या घागरी मिळायच्या, आणि त्यातलं एक वाडगं मी धामणीपुढे ठेवायचे. त्यावरून गावानं मला काय काय म्हटलं ते सांगत बसत नाही.

धामण मी हौसेनं आणली नव्हती. आमचे हे, ग्यानोबा, कंधार डेपोत कंडक्टर. एका सुट्टीला आले ते पिशवीत धामण घेऊन. बैलगाडीचं चाक तिच्या पाठीवरून गेलं होतं. "जखम भरली की सोडून दे," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले. पुण्य त्यांचं, राबणं माझं. जखम भरली, पण सोडायची कुठं? शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा, कुठं बेडूक नाही की ओल नाही. पाऊस पडेपर्यंत राहू दे म्हटलं.

घरात शेळी, कोंबड्या, भुरी मांजर, सासूबाई आणि मी. त्यात साप. मग मी घराला वर्गासारखी शिस्त लावली. धामण देवदारी खोक्यात, समोर बारीक तारेची जाळी, वर कडी आणि कडीला कुलूप. खोकं उघडायच्या आधी भुरीला स्वयंपाकघरात कोंडायचं. कोंबड्या डालग्याखाली आहेत ना, ते बघायचं. कोंबडीला हात लावला असेल तर राखेनं हात घासल्याशिवाय खोक्याजवळ जायचं नाही, कारण वासावर साप हातालाच धरतो. उंदीर पिंजऱ्यात सापडला की मेलेलाच द्यायचा. जिवंत उंदीर सापाला चावतो, हे किती जणांना माहीत आहे? सासूबाई, कोंडाबाई, सुरुवातीला तोंडाला पदर लावून बसायच्या. नंतर त्याच भुरीला रागवायला लागल्या, "सरक, तिला झोपू दे."

मग शेळीचं दूध कमी झालं. दोन वेळचा चहा व्हायचा, तो एक वेळेवर आला. मला वाटलं, चारा कुठं आहे, दूध कुठून येणार? पण टँकरच्या रांगेत धोंडाबाईंनी सगळ्यांसमोर निकाल दिला. "चांगुणा, तुझी धामण शेळीच्या पायाला इळखा घालून दूध पिऊन राहिली."

धोंडाबाई म्हणजे व्यंकटरावांची बायको. त्यांच्या परसाची आणि आमच्या परसाची भिंत एकच. गावात सगळ्यात मोठी जमीन त्यांची. आम्ही छप्पन्न सालापासून बौद्ध, मी त्यांच्याच नातलगांच्या पोरांना शिकवते, तरी आमच्या घरचं पाणी त्यांच्या घरात चालत नाही. सासूबाई त्यांना मालक-मालकीण म्हणतात. मी काका-काकू म्हणते, आणि ते त्यांना खुपतं हे मला पक्कं ठाऊक आहे.

"काकू, सापाला ओठ नसतात. चोखणार कशानं?" मी म्हणाले. "आणि खोक्याला कुलूप आहे."

"कुलपाचं काय घेऊन बसलीस? जितराब हाय ते, फटीतनं निघतं."

रांगेतल्या बायका माना डोलवत होत्या. त्यांतल्या दोघी माझ्याच विद्यार्थिनी होत्या एकेकाळी! संताप आला तो त्यांचा जास्त. संध्याकाळी व्यंकटराव ओट्यावरूनच ओरडले, "मास्तरीणबाई, रविवारपर्यंत त्या धामणीची वाट लावा. न्हाईतर आमची माणसं येऊन मारतील. आज तुमची शेळी, उद्या गावाची जितराबं." गावाची जितराबं सगळी चाऱ्याच्या छावणीत होती. व्यंकटरावांच्या म्हशीसुद्धा.

शुक्रवारी टँकर शाळेच्या वेळेत आला. हेडमास्तरांनी पोरांना घागरी आणायला सोडून दिलं. मी दुपारीच घरी आले आणि परसात गेले, तर सासूबाई शेळीखाली बसून धार काढत होत्या, आणि भिंतीवरून तांब्या धरलेला एक हात खाली आला होता. हातात हिरव्या बांगड्या. मी "आत्याबाई!" म्हटलं तसा हात तांब्यासकट गडप झाला.

सासूबाई घाबरल्या नाहीत. कासेवरचा हात न काढता म्हणाल्या, "मालकिणीच्या लेकीला दूध उतरलं न्हाई. डब्याच्या पावडरीनं लेकराला हगवण लागली. म्हशी छावणीत. काय करावं तिनं?"

"मागावं! मी नाही म्हटलं असतं का?"

"मागितल्यावर मालक आपल्या घरचं दूध घेऊ देतील का? ते लेकरू मरंल, पोरी. कुनाला बोलू नकोस."

मी खाली बसले. लेकराचा राग नव्हता. लेकराला शेळीचं दूध पाजायलाही मी तयार होते. पण आमचं दूध प्यायचं, आमच्याच धामणीवर आळ घालायचा आणि वर तिलाच मारायला माणसं पाठवायची? आमच्या घरचं दूध चालतं, फक्त आमच्या घरचं आहे हे कळलेलं चालत नाही. एवढी लाज वाटत असेल तर पिऊ नये, आणि प्यायचं असेल तर तोंड वर करून प्यावं.

रविवारी सकाळी व्यंकटराव दोन गडी घेऊन आले. गड्यांच्या हातात काठ्या. मागं धोंडाबाई, कडेवर नातू. पोर चांगलं बाळसं धरायला लागलं होतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांनी हात जोडत होत्या. खरं बोलले असते तर काठ्या तिथंच खाली पडल्या असत्या, आणि त्या पोराचं दूधही बंद झालं असतं. मी खोक्यासमोर उभी राहिले. आत धामण अंगाचं वेटोळं करून पाण्याच्या वाडग्याजवळ पडली होती.

"बाजूला व्हा, मास्तरीणबाई," व्यंकटराव म्हणाले.

"होते, काका. मारा. फक्त एक सांगा," मी बोलले त्यांच्याशी, पण बघत होते धोंडाबाईंकडे. "धामण मेल्यावर उद्या परत दूध कमी आलं, तर मग कुणाला धरायचं?"

धोंडाबाईंचा चेहरा उतरला. त्यांना कळलं. ही धामण गेली की आळ घ्यायला दुसरं कुणी उरत नव्हतं.

"अहो, ऱ्हाऊ द्या," त्या एकदम पुढं आल्या. "धामण गरवार दिसती. गरवार जिवाला मारू न्हाई. घरात लेकरू हाय आपल्या."

धामण नर की मादी, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण व्यंकटराव थबकले. गडी तर सापाजवळ न जायला कारणच शोधत होते. ते काठ्या टेकत बाहेर पडले. धोंडाबाई मागे रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "दुपारी येते."

"या," मी म्हणाले. "पण समोरच्या दारानं या, काकू. भिंतीवरून मी थेंब देणार नाही."

त्या दिवशी त्या आल्या नाहीत. दुपारभर भिंतीपलीकडे पोर रडत होतं. सासूबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या. भरलेला तांब्या मी समोरच्या उंबऱ्यावर ठेवला, वर ताटली झाकली आणि शेजारी बसून राहिले. उठून भिंतीकडे जावंसं दहादा वाटलं. गेले नाही. माझ्या डोक्यात तिडीक होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर धोंडाबाई आल्या. गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, डोक्यावर पदर नीट घेऊन. माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चांगुणा, दूध दे." मी दिलं. त्यांनी तांब्या उघडाच धरून नेला. शेजारी आपल्या ओट्यावर व्यंकटराव बसले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत बायको तांब्या घेऊन घरात गेली. घरात म्हैस नाही आणि नातू दूध पितो, हे त्या माणसाला इतके दिवस दिसत नव्हतं असं का मी मानू? त्यांनी बायकोकडे पाहिलंच नाही. घसा खाकरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मला म्हणाले, "मास्तरीणबाई, त्या धामणीला आवरा. अजून दूध पिऊन राहिली म्हनं."

"हाव, काका," मीही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. "आजबी प्याली. आत्ताच तुमच्या घरात शिरली बगा."