जेवणाआधीचा वेढा

पिंपरीच्या कंपनीतल्या टूलरूमची सहल दर हिवाळ्यात चाकणच्या भुईकोटात जायची. क्रिकेट नाही, संगीतखुर्ची नाही. खेळ एकच, वेढ्याचा. निम्मे मोगल, निम्मे मराठे, आणि किल्ला पडेपर्यंत कुणी जेवायचं नाही. किल्लेदार कायम माझे वडील, अप्पा. खरा किल्ला शेवटी शाहिस्तेखानानं घेतला होता, हे लोक त्यांना ऐकवत. अप्पा म्हणत, "त्याला सोमवारी पहिली शिफ्ट नव्हती." ते कधी शरण गेले नाहीत. तरी जेवून घरी येत. कसे, ते मी विचारलं नव्हतं.

अप्पा ऑक्टोबरात गेले. जानेवारीत मोशीचे बबनराव घरी आले. सहलीतले खान तेच.

"किल्लेदारकी घराण्यातच ऱ्हाती, ताई," एवढंच म्हणाले. मी गेले.

मला ढासळलेल्या बुरुजावर उभं केलं. हातात तलवार म्हणून अप्पांची छत्री. खंदकापलीकडून मोगल बाजारातले नासके कांदे फेकू लागले. तेवढ्यात स्वयंपाकाच्या गिरजाबाईंनी रश्शाला फोडणी दिली आणि माझं सैन्य "पाणी पिऊन येतो" म्हणत एकेक करून फितूर झालं.

मी एकटी उरले. अप्पांनी इतकी वर्षं राखलेलं माझ्या हातून जाणार होतं.

बायकोची हिरवी शाल डोक्याला गुंडाळलेले बबनराव बुरुजाखाली आले.

"किल्ला सोडा, ताई. मानानं जाऊ देतो."

"अप्पांनी कधी सोडला नाही."

"न्हाई सोडला. आमी खाली जेवायचो आन् मी त्यांचं ताट वर न्यायचो."

"तुम्ही? खान?"

"दुसरं कोन जानार? त्यांची मान्सं रस्सा वरपत असायची." त्यांनी डोक्यावरची शाल सावरली. "गेल्या साली त्यांना चढताना लई दम लागला. म्हनले, बबनराव, पुढल्या खेपेला घेऊन टाका किल्ला. मी म्हनलं, घेऊन ठेवू कुठं?"

मी खाली उतरले आणि छत्री त्यांच्या हातात दिली.

खान वर चढले. मोगल प्रथमच जिंकले होते. पुढे काय करायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. पंगत घास हातात धरून वर बघत राहिली. बबनरावांनी डोक्याची शाल सोडली.

"ताई, हितं येकट्याला बरं वाटंना."

"मग उतरा."

"उतरलो तर पुन्ना तुमचा व्हईल."

"नको. आज कुणाचाच नको."

त्यांनी जरा विचार केला, मग सावकाश उतरले. गिरजाबाईंनी आमची पानं शेजारी शेजारी मांडली.