नेमावरच्या पुढचा मुक्काम

इंदूरच्या विजय नगरातल्या फ्लॅटमध्ये बाबांसाठी दलिया शिजायला लागला की ऋजुताचा फोन वाजायचा आणि पलीकडून समीर विचारायचा, "आज कुठे?"

तिचा नवरा अमरकंटकहून पाठीवर तंबू घेऊन निघाला होता, नर्मदेच्या उत्तर काठाने. ठरलं असं होतं की अर्धी वाट, नेमावरपर्यंत, तो चालेल आणि तिथून समुद्रापर्यंत ऋजुता. त्याच्या वडिलांची उजवी बाजू लकव्याने गेलेली, त्यामुळे दोघांनी एकदम घर सोडणं शक्यच नव्हतं. खरं तर डोंगर तुडवायची हौस तिची. समीरला तंबूची दोरी बांधायलासुद्धा तिनेच शिकवलेलं. पण पहिला नंबर त्याने लावला.

आणि रोजचा मुक्काम शोधायचा कोणी? हिनेच! एका हाताने दलिया ढवळत ती मोबाइलवरचा नकाशा मोठा करायची. "वाळूवर नको, वरून धरणाचं पाणी सोडतात. महुआखाली नको, फुलं पडायला लागली की अस्वलं येतात. पुढे गव्हाची कापणी झालेलं शेत दिसतंय, मालकाला विचार आणि तिथे टाक." तो तिथे तंबू टाकायचा, छान झोपायचा आणि सकाळी सूर्योदयाचा फोटो पाठवायचा. ती तो फोटो बाबांचं अंथरूण बदलता बदलता बघायची. थकवा असा की चहा गाळून तो प्यायचाच राहून जायचा.

बाबांची जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. भरवताना ते रोज विचारायचे, "ऋजुता, तेरा नंबर कब? बॅग भरलीस का नाही?"

बॅग तर कधीचीच भरून दाराशी उभी होती. महत्प्रयासाने मिळवलेली सुट्टीही उद्यापासून लागणार होती.

काल समीर नेमावरला पोचला. आज फोनवर त्याचा आवाज जरा जास्तच गोड होता. "अरे यार, अब तो लय लागली आहे गं. पायसुद्धा दुखत नाहीत. आज नेमावरच्या पुढेच निघून आलो. मीच पूर्ण करून टाकतो, हां? तू पुढच्या वर्षी कर ना आरामात. बाबांनाही तुझीच सवय झालीय."

ऋजुताने गॅस बंद केला. आलेला संताप तिने गिळला. मग रडू आलं, तेही तिने गिळलं.

"बरं, छोड," समीर म्हणाला. "आज कुठे?"

तिने नकाशा उघडला आणि आज जरा जास्तच वेळ घेतला. "सडकेला लाग. पुढच्या गावाबाहेर वडाचं झाड आहे, शेजारी मोकळं मैदान. तिथे टाक." मग तिने शेजारच्या इंदुमतीकाकूंचं दार वाजवलं. उद्याचा दिवस बाबांजवळ बसायला काकू लगेच तयार झाल्या.

थोड्या वेळाने समीरचा पुन्हा फोन. "क्या जगह है भिया! हँडपंपपण आहे. पण सडकेच्या इतकं जवळ का गं?"

"इंदूरहून खातेगावमार्गे येणारी बस वडापाशी थांबते म्हणून. सकाळच्या बसने मी येतेय. परतीच्या बसने तू घरी ये. तंबू गुंडाळू नकोस, उद्या मला लागेल."



"ऋजू, अगं... पण तू एकटी? मग तुझे मुक्काम कोण शोधणार?"

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनी डावा हात उचलून दाराजवळच्या बॅगेकडे दाखवलं.

"तू," ती म्हणाली. "दलिया ढवळता ढवळता."