मोकळी

दीपकने एका हाताने राहीचा जबडा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्या दातांत घुसवला. गोळ्या जिभेवर पडल्या. खडूसारख्या, कडू. तिने मान झटकली तशी डोक्याची मागची बाजू भिंतीच्या चिऱ्यावर आपटली.

"हात धर तिचे," तो बायकोला म्हणाला. "दर्शना, सांगतोय ना तुला, धर."

दर्शनाने धरले. तिची नजर मात्र चुलीकडे होती.

राहीने दात मिटले. अंगठ्याचं हाड दातांना लागलं आणि गोळ्यांच्या कडूपणात रक्ताची खारट चव मिसळली. दीपक ओरडला नाही. त्याने अंगठा ओढून काढला आणि त्याच हाताची चपराक तिच्या तोंडावर मारली. ओठ फुटला. ती सारवलेल्या जमिनीवर थुंकली, परत परत थुंकली. लाल लाळेत पांढरे तुकडे दिसत होते. सगळं बाहेर आलं की काही विरघळून आत गेलं, तिला कळेना.

"दादा, तो हलतो रे."

"हलू दे."

"कालपासून हलतोय. एकदा हात लावून बघ."

"मला काही बघायचं नाहीये." तो धापा टाकत होता. "तेवीस वर्षांची तू. नवरा समुद्रात बुडाला. कडेवर पोर घेऊन कुठे जाशील? तिकडे सासूने स्पष्ट सांगितलंय, पोट मोकळं केल्याशिवाय पूर्णगडात घेणार नाही. जन्मभर इथे चुलीपुढे बसणार आहेस काय?"

"बसेन."

"आणि मी उघड्या डोळ्यांनी बघत राहू?"

तो हे खोटं बोलत नव्हता, हे राहीला ठाऊक होतं. वडील गेल्यावर पावसाळ्यात तिला खांद्यावर घेऊन, भरून वाहणारा पऱ्या ओलांडून शाळेत पोचवणारा हाच. ती शाळा आता बंद पडली होती. वाडीत पोरंच नव्हती. जी घरं उघडी होती त्यांत म्हातारी माणसं, बाकीच्यांच्या दारांना मुंबईला गेलेल्यांची कुलपं. जिवाला जीव देणारा हा भाऊ तिच्या पोटातल्या जिवावर उठला होता, आणि दोन्ही वेळा त्याच्या डोळ्यांतलं पाणी सारखंच होतं.

"माझ्या जन्माचं बोलतोस ना? मग ऐक," ती म्हणाली. "हा माझ्या पोटात आहे, पण मी नव्हे. त्याचं काळीज वेगळं चालतंय. याचा बाप, माझा नितेश, आज असता तरी त्यालाही याला मारायचा हक्क नव्हता. तुला कुठून आला?"

दीपकने खिशातून दुसरं पाकीट काढलं. लांज्यातल्या कुणीतरी त्याला ते दिलं होतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. त्याने दातांनी कागद फाडला.

राहीच्या मनगटांवरची पकड सुटली.

दर्शना उठली, चुलीपाशी गेली आणि लोखंडी फुंकणी घेऊन परत आली. लग्नानंतर तिची तीन गर्भारपणं अर्ध्यावर संपली होती. रत्नागिरी झाली, कोल्हापूर झालं, दंडावर इंजेक्शनांचे निळे डाग घेऊन ती काजूच्या कारखान्यात पाळीला जात राहिली. या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. तिने फुंकणी दोन्ही हातांनी उचलली आणि नवऱ्याच्या मनगटावर घातली.

हाड वाजलं. पाकीट चुलीत पडलं.

"माझी आपोआप गेली," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "हे तुम्ही हाताने घालवताय."

दीपकने तिला ढकललं. ती मांडणीवर आपटली, भांडी कोसळली. मग त्याने राहीला दंडाला धरून फरफटत दाराकडे नेलं. "चल. दवाखान्यातच चल. आज सोडत नाही." राहीने चौकट पकडली. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. नख उखडलं. शेवटचं बोट सुटलं तशी ती पायरीवरून अंगणात पडली. पडताना तिने गुडघे पोटाशी घेतले आणि सगळा भार कोपरांवर झेलला. जांभ्याच्या खडीने कातडं सोललं. डोक्यावर सावली आली. तिने डोळे मिटले नाहीत. दीपकने पाय उचललेला तिला दिसला.

अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकाबाहेर, रिक्षा थांबली.

सावित्री उतरली. राहीची सासू, पूर्णगडहून लांज्यापर्यंत एसटीने आणि पुढे रिक्षाने आलेली, घामाने भिजलेली. हातात पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी वर आलेली. दीपकने पाय खाली ठेवला.

"काय झाला गो बाय?" तिने पिशवी तिथेच टाकली. "पडलीस कशी?"

सावित्रीने सुनेला मिठीत घेऊन उठवलं, आधी पोटावर हात ठेवला, मग फुटलेला ओठ पाहिला.

"पाचवा सरत आला," ती म्हणाली, जणू स्वतःलाच समजावत. "चोरओटी भरायला आले. विधवेची ओटी भरत नाहीत म्हणतात. म्हणू देत. पोटातलं काय विधवा आहे? दीपक, फोनवर सांगितलं होतं ना तुला, तिला मोकळी होऊ दे, मग येऊन नेते? पण माझ्याच्याने राहवेना."

"मोकळी," दीपक म्हणाला.

"हां. बाळंत होऊन मोकळी झाली की. का रे?"

वाडीत कुणी बाळंत होऊन इतकी वर्षं झाली होती, की त्या अर्थाने तो शब्द दीपकच्या कानावर पडलाच नव्हता. तो पायरीवर बसला, दुखावलेलं मनगट मांडीवर ठेवून.

"आई, आधी रत्नागिरीला," राही म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात. माझ्या तोंडात काय गेलं ते मी डॉक्टरांना सांगीन."

सावित्रीचा हात तिच्या पाठीवर थांबला. तिने दीपककडे पाहिलं. मग रिक्षावाल्याला गाडी वळवायला सांगितलं.

दर्शना आतून राहीच्या चपला आणि एक लुगडं घेऊन आली. चपला तिने राहीच्या पायांत घातल्या आणि पलीकडून रिक्षात चढून बसली.

"तू कुठे?" दीपकने विचारलं.

तिने पदर सारखा केला.

रिक्षा सुरू झाली तसा दीपक धावत आला आणि दांडा धरून उभा राहिला. गप्प राहणं सावित्रीला कधी जमलं नव्हतं. सगळं ओळखूनही तिने तोंडात आलं ते जुनं, नेहमीचं बोलून टाकलं:

"जा आता घरात. कान टोचायला मामाची मांडी लागते, तेव्हा ये."

राहीने पोटावर तळवा दाबला. थोडा वेळ तिथे काहीच नव्हतं. मग आतून एक हलका धक्का आला, आणि पाठोपाठ दुसरा.

"आई," ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "याला मामा नाही."

दीपकचा हात दांड्यावरून सुटला.