श्वास धरणारी खोली

ऑपरेशनच्या नव्या यंत्राच्या चाचणीची खोली अंधुक होती, आणि तिथे एक रीत पडून गेली होती: पायाखालचं पेडल दाबायच्या आधी सगळ्यांनी श्वास धरायचा. रीत आरसेकाकांनी पाडलेली. काका यंत्राचे आरसे घासायचे. त्यांचं म्हणणं, साध्या फुंकरीनेही किरण बिचकतो. मग टेबलावरच्या द्राक्षावर लाल ठिपका अलगद उतरायचा, आणि त्याच जागी, डोळ्यांना न दिसणारा लेसर वरची साल तेवढी जाळून काढायचा. गराला धक्का लागून रस पाझरला, की म्हणायचं द्राक्ष रडलं.

किरण वळवणारा नखाएवढा आरसा तिने, यंत्राच्या इंजिनिअरने, बसवला होता. तो तिला झोपेतही दिसायचा, लेकीच्या घशात खोल कुठेतरी चांदणीसारखा लुकलुकताना. लेक साडेचार वर्षांची. तिच्या स्वरतंतूंवर बारीक चामखिळी उगवल्या होत्या. आवाज घोगरा, घुंघुं करणारा, म्हणून घरात तिला सगळे भुंगी म्हणत. दोन महिन्यांनी त्या चामखिळी याच यंत्राने काढायच्या होत्या. तंतू तांदळाच्या दाण्याएवढे. किरण केसभर खोल गेला, तर भुंगीचा आवाज कायमचा बसणार.

"काळजी करून करून वाळशील अशाने," नवरा म्हणायचा.

"काळजी कुठे करतेय? मोजतेय," ती म्हणायची, आणि पुन्हा आकडे तपासायला बसायची.

एके सकाळी भुंगीचं ऑपरेशन करणार होत्या त्या डॉक्टरबाई यंत्र हाताळून बघायला आल्या. यंत्राच्या मायक्रोस्कोपला कपाळ टेकवून, डोळे लावून बसल्या. खोलीने सवयीने श्वास धरला. बाईंनी मात्र धरला नाही. त्या गुणगुणू लागल्या, स्वयंपाक करताना माणूस गुणगुणतं तसं.

पहिलं द्राक्ष रडलं. दुसरंही.

"हात ताळ्यावर नाही आज माझा," बाई म्हणाल्या.

"हाताला कशाला नावं ठेवायची," काका पुटपुटले. "तोंड आवरा म्हणावं."

तिने आरशाच्या बैठकीवर बोटाचं टोक ठेवलं. "बाई, पुन्हा गुणगुणा बरं." बोटाखाली घुंघुं झाली. दुपारी झोपवताना भुंगीच्या गळ्यावर हात ठेवला की लागायची, अगदी तशीच. बाईंच्या गळ्यातला सूर कपाळातून मायक्रोस्कोपमध्ये उतरत होता आणि आरसा त्याच्याबरोबर थरथरत होता.

आता तिला उमगलं. दोन वर्षं आपण सगळे दम कोंडून बसलो, आणि म्हणत राहिलो, यंत्र किती शहाणं!

"ऑपरेशन करतानाही गुणगुणता तुम्ही?"

"अठरा वर्षं झाली. गप्प बसले की उलट हात कापतो माझा."

"मग सोडा म्हणावं सवय," काका म्हणाले.

"त्या सोडतील हो काका. उद्या दुसरं कुणी शिंकेल, त्याचं काय? सवय आपणच सोडू, श्वास धरायची."

काका दिवसभर फुगून बसले. दुसऱ्या दिवशी मात्र खिशातून एक मऊ सिलिकोनची चकती काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली. "बैठकीखाली घालून बघ, थरथर गिळेल. नाही जमलं तर माझं नाव सांगू नकोस."

त्या आठवड्यात खोलीत नुसता कलकलाट होता. बाई गुणगुणत, काका भसाड्या आवाजात एकोणतीसचा पाढा गात, आणि लाल ठिपका पाण्याच्या तळाशी पडलेल्या खड्यासारखा निवांत. चाळीस द्राक्षांतलं एकही रडलं नाही. मग बारा मोठ्या माणसांचे घसे झाले. मग भुंगीचा.

बंद दाराबाहेर ती कान लावून उभी होती. आतून अस्पष्ट गुणगुण येत होती. गुणगुण थांबेपर्यंत तिने दारावरचा हात काढला नाही.

पुढे सात दिवस भुंगीला बोलायची बंदी. घर पाण्याखाली गेल्यासारखं झालं. भुंगी माशासारखी तोंड हलवत, हातवारे करत खोल्यांमधून फिरायची. आठव्या सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "हं, आता बोल बाळा."

भुंगीने बाईंकडे पाहिलं, मग आईकडे. आईचा तळवा तिच्या गळ्यावर होता. तळव्याखाली काहीतरी हललं. घुंघुं नव्हती, बारीक, सरळ, ओल्या काचेवरून बोट फिरावं तसं काहीतरी.

"आई," भुंगीने विचारलं, "तू श्वास का धरलायस?"